डेल्फीची पहिली रायफल

वेस्ट व्हर्जिनिया, सप्टेंबर

हार्लनदादा,

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. मासे धरत बसलो होतो. तू डकोटाच्या तेलविहिरींवर, म्हणून तुझ्या डेल्फीसाठी पहिली रायफल बघायला वहिनीबरोबर मी गेलो. मी दहा गोळ्यांची उचलली.

"ठेवा ती, भावजी! एकेरीच बरी. नेम चुकला तर दुसरी गोळी भरेपर्यंत पोर विचार तरी करेल."

मग दस्ता डेल्फीच्या कोपरात टेकवून, बोट चापापर्यंत पोचतं का तेही पाहिलं. तीच घेतली. काय बायको आहे रे तुझी!

पण पहिली बंदूक बापानंच हातात द्यायची ना? तू येईपर्यंत पोरगी तिला शिवतच नाही. उद्या खारींच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय. तू...

थांब, फाटकाशी गाडी वाजली. डेल्फी अनवाणीच धावली. दादा, अरे, तूच उतरतोयस!

तुझा,
एमेट