निळा अंगठा

कळमनुरी, बुधवार, एप्रिल २००३

आज जेवण गेलं नाही. तो अंगठा.

काल दुपारी हिंगोलीला एम.ए.चा पेपर, लोकप्रशासन. एसटी गाठायची म्हणून तहसीलमधली कामं भराभर उरकत होतो. बाळापूरकडच्या तांड्यावरच्या गोमलीबाई निराधार योजनेच्या मदतीचा अर्ज घेऊन आल्या. घाईत मी त्यांचा अंगठा शाईत टेकवला आणि मग कळलं, ज्यांच्यासमोर तो उठवायचा ते नायब तहसीलदार दौऱ्यावर गेलेत.

"उद्या या मावशी, आज माझा पेपर आहे."

"मंग ह्यो अंगठा धुवू का ठिवू, साहेब?"

"ठेवा," म्हणालो. पिशवी उचलता उचलता, काहीतरी बोलायचं म्हणून.

पेपरात विचारलं, प्रशासन लोकाभिमुख कसं करता येईल? चार पानं लिहिली. चांगली लिहिली, हेच जास्त लागतंय.

आज त्या आल्या. अंगठ्याला चिंधी, आत शाई तशीच. "तुमी ठिवा म्हनले व्हते. भाकरी शेजारनीनं थापून देल्ल्या."

एका कारकुनाचा शब्द एवढा पाळतात? वाळलेली शाई कागदावर उठत नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. गुपचूप तोच अंगठा पुन्हा शाईत टेकवला.

जाताना त्यांनीच विचारलं, "पेपर बराबर गेला का, साहेब?"