बाजाराच्या दिवसाची वही

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि काल पहिल्यांदाच कोणी तुझ्या शिकवण्याची चौकशी करायला माझ्या दारात आलं. इथं वर्ध्यात आमच्याच गल्लीतली बाई. तिला मुलाला शाळेत घालायचं नाही. गणिताची, इंग्रजीची तिला काळजी नव्हती. "फक्त एक सांगा ताई, घरी शिकलेलं लेकरू चारचौघांत मिसळते ना?" मी हसले. ते हसणं तूच आरशासमोर बसवून माझ्याकडून घोटून घेतलेलं.

आष्टीजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात, बाबा गेल्यापासून आपण दोघीच. शाळेत पोरं एकमेकांची घाण उचलतात असं तू म्हणायचीस, आणि पंधरा वर्षं शाळेतच शिकवलेल्या बाईचं कोण खोडणार? माणसांशी बोलणं हाही तुझ्याकडे एक विषय होता आणि त्याचा तास आठवडी बाजारात. तू दहा पावलं मागे उभी राहणार, मी तिघांशी बोलणार. घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून मी वहीत लिहिणार, मी काय बोलले, समोरचा काय बोलला. तू पोळ्या लाटता लाटता वाचायचीस आणि पिठाच्या बोटांनी गुण द्यायचीस. डोळ्यांत बघितलं नाही, दोन कमी. उगाच हसले, एक कमी. अकरा वर्षांच्या पोरीला कोणी असं तोलतं का गं? कणकेला तरी तू मऊ हात लावायचीस.

फुटाणेवालीची मुलगी माझ्याच वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काऊन एवढी घाबरून राह्यली व? घे, खा." तिनं गरम फुटाणे माझ्या मुठीत कोंबले. त्यानंतर तिघांमधली तिसरी नेहमी तीच असायची, कारण तिच्यापाशी मी तास विसरायचे.

मग एका दुपारी ती चालत बगीच्यात आली, हातात फुटाण्यांची पुडी घेऊन. "आमच्या शाळेत गॅदरिंग हाय. मी नाचून राह्यली. तू येजो." मी तुझ्याकडे बघितलं. तू तिला बसायला सांगितलंस, आतून वही आणलीस, एक पान उघडलंस. "वाचता येतं ना? मोठ्यानं वाच." ती बोट ठेवून वाचते आहे, अजून वाचते आहे: फुटाणेवालीच्या पोरीच्या अंगाला वास येतो. तिच्याशी बोलणं सोपं, कारण तिला काही कळत नाही. तिच्यावर सराव चांगला होतो.

"हे तू लिवलं?"

"आईनं सांगितलं म्हणून," मी म्हणाले. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. पुडी पायरीवर ठेवून ती गेली. संध्याकाळी तू वही माझ्यापुढे सरकवलीस. "आजचं लिही."

पुढच्या बाजारात तिनं मान वर न करता विचारलं, "काय पाह्यजे तुमाले?" तुमाले! अकरा वर्षांची पोर अकरा वर्षांच्या पोरीला. मी तिच्याकडे सरळ बघून, कुठेही न अडखळता पावशेर फुटाणे मागितले. त्या दिवशी तू मला दहापैकी दहा दिलेस.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, ऑफिसात सांगितली, काल त्या बाईलाही सांगितली. प्रत्येक वेळी राक्षसीण तूच. लोक हळहळतात आणि मला बरं वाटतं. तू दुष्टपणा केलासच. मला अद्दल घडवायला ते पान तिच्या हातात दिलंस आणि भरडली गेली ती. त्याची माफी मी तुला देणार नाही.

पण तू फक्त बोललेलं लिहायला सांगितलं होतंस. वासाचं, सरावाचं कोणीच काही बोललं नव्हतं. त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर हे लिहिते आहे, आणि वही पुन्हा कपाटात जाईल. ती वाक्यं माझी होती, आई. लिहिताना मला मजा आली होती.