पांढऱ्या डोळ्यांच्या मुली

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे, म्हणजे गुडघाभर चिखलात उभी राहून खेकडे मोजते आहे. फोनला रेंज फक्त मोठ्या खडकावर येते आणि त्या खडकावर चढायला सरांची बंदी आहे, म्हणून पत्र.

जीवशास्त्राच्या पदवीला खेकडे कशाला लागतात, असं तू निघताना विचारलंस. आत्या, काय लागत नाही ते विचार. रसायनशास्त्राचे चार पेपर लागतात, त्यात जिवंत काहीही नसतं. भौतिकशास्त्र लागतं, बेडूक गच्चीवरून पडला तर किती वेळात खाली येईल ते काढायला असावं. संख्याशास्त्र लागतं. त्यात मी दोनदा आपटले हे बाबांना माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. वर हे समुद्रकाठचं शिबिर, एक दिवस गैरहजर राहिलं की तीन वर्षं पाण्यात. आता उरलं फक्त आनुवंशिकतेचं प्रात्यक्षिक, म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या फळमाशांच्या चार बाटल्या. प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं नसतं आणि वसतिगृहाच्या बाईंनी माशा बघून किंचाळी मारली नसती, तर तुला त्रास दिला नसता.

पुन्हा सांगते. एका बाटलीत लाल डोळ्यांच्या मुली, दुसरीत लाल डोळ्यांचे मुलगे. तिसरीत पांढऱ्या डोळ्यांच्या मुली, चौथीत पांढरे मुलगे. परत आले की पांढऱ्या मुली मी लाल मुलांबरोबर ठेवणार आणि लाल मुली पांढऱ्या मुलांबरोबर, आणि पोरांचे डोळे कुणावर जातात ते मोजणार. तोवर मुलींनी मुलाचं तोंडसुद्धा बघता कामा नये, नाहीतर बाप कोण ते कळणार नाही. बाटल्या उघडायच्या नाहीत, ऊन लागू द्यायचं नाही, बस.

हे बिघडलं तर वर्ष गेलं. बाबांनी तीन वर्षं दिली आहेत, चौथं मागायचं नाही असं ठरलं आहे. मग मी त्यांच्या फरशीच्या दुकानात स्टुलावर बसून लोकांच्या न्हाणीघराला कुठला रंग शोभेल ते सांगायचं, जन्मभर. मला ते नकोय गं आत्या.

लोभ आहेच, थोडा बाटल्यांवरही करावास ही विनंती.
तुझी ठमी

७ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

बाटल्या सुखरूप आहेत. आता बसून वाच. तुझ्या सगळ्या मुलींची लग्नं लावून दिली.

अगं, मी आयुष्यभर लोकांची लग्नं जमवत आले. एका फळीवर एकीकडे उपवर मुली, दुसरीकडे मुलगे, मध्ये काच, आणि मी समोर बसून निवांत भाजी चिरायची? दोन दिवस सोसलं. मग तू जाताना करून दाखवलं होतंस तसंच केलं. फ्रीजमध्ये ठेवून सगळ्यांना गुंगवलं, कागदावर घेतलं, स्थळांचे फोटो बघायचं भिंग लावलं आणि बारीक ब्रशने एकेकीला उचललं. तुझं पत्र आलं तेव्हा निम्मी लग्नं लागून गेली होती. उरलेल्यांना ताटकळत कशाला ठेवायचं?

अनुरूप बघूनच दिलं हो. लालला लाल, पांढरीला पांढरा. तू उलटंसुलटं लिहिलं आहेस ते चिखलात उभं राहून लिहिल्यामुळे असेल. लाल डोळ्यांच्या मुलीच्या आईकडे मी पांढऱ्या डोळ्यांचं स्थळ नेलं तर ती मला जिन्यावरून ढकलून देईल. प्रत्येक जोडप्याला वेगळं बिऱ्हाड दिलं आहे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, तळाशी तू ठेवलेलं खाणं, तोंडाला कापूस. कुणी नकार दिला नाही, कुणी पगार विचारला नाही, कुणाचे काका रुसले नाहीत. इतकं सुखाचं काम मला धंद्यात कधी मिळालं नव्हतं.

तुझ्यासाठी एक दातांचा डॉक्टर पाहून ठेवला आहे. स्वतःची खुर्ची आहे. खेकडे मोजून झाले की कळव.

प्रकृतीस जपावे, पायात काहीतरी घालावे.
आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. विनंती काही नाही, विशेष तर नाहीच.

तू माझं वाटोळं केलंस. पांढरीला पांढरा दिला की पोरं पांढरी होणार आणि लालला लाल दिला की लाल, हे सांगायला पदवी कशाला हवी? एकाचे डोळे दुसऱ्याहून वेगळे असतील तरच कोण कुणावर गेलं ते कळतं. तेवढ्यासाठी मी महिनाभर पहाटे उठून बाटल्या तपासल्या, आणि तू भिंग घेऊन बसलीस! आता नव्याने सगळं करायला दिवसही उरलेले नाहीत.

मी तंबूत रडत होते तेव्हा मैत्रीण म्हणाली की एवढं काय, उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. आई पांढरी आणि बाप लाल असला तर मुली सगळ्या लाल, मुलगे सगळे पांढरे. उलट असेल तर सगळीच लाल. वर्गातली निम्मी मुलं तेच आकडे उतरवून काढणार आहेत, तेही माशा धडधाकट असताना. मीही तेच करणार. तुझी ती बिऱ्हाडं उकळत्या पाण्यात टाक.

आणि जी स्वतः बिनलग्नाची राहिली, तिने माझ्या माशांची काळजी करू नये.

लोभ सध्या बंद आहे.
ठमी

२१ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद, घ्यायचे असतील तर.

बिनलग्नाची राहिले ते धंदा आतून बघितला म्हणून. ते असो. चूक माझी आहे. उघडू नकोस म्हणाली होतीस आणि मी उघडल्या. तेव्हापासून घास गोड लागत नाही. तुझ्या बापाकडे जाऊन आले, पोरीला चौथं वर्ष दे म्हणून सांगायला. त्याने ऐकून घेतलं आणि अर्धा तास मला नव्या फरशा दाखवल्या. एक पसंतही करून घेतली माझ्याकडून, मेल्याने.

पण बिऱ्हाडं उकळली नाहीत. हात धजावला नाही. आता त्यांना पोरं झाली आहेत आणि ठमे, काहीतरी भानगड आहे.

लाल डोळ्यांच्या घरी सगळी लाल. पांढऱ्यांच्या बहुतेक घरी सगळी पांढरी. पण तीन घरांत आई पांढरी, बाप पांढरा आणि पोरांत लाल डोळे! भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग सगळ्यांना गुंगवून मुली एकीकडे आणि मुलगे एकीकडे केले. लाल डोळ्यांच्या आहेत त्या झाडून मुली. लाल डोळ्यांचा मुलगा एकही नाही.

धंद्यात अशा गोष्टी मी पोटात ठेवते, पण तुला सांगायलाच हव्यात. तुझ्या त्या तिघी माझ्याकडे येण्याआधीच कुणाला तरी भेटून आल्या होत्या, आणि तो लाल डोळ्यांचा होता. हे माझ्या घरात घडलेलं नाही. माझं कापसाचं बूच जावयालाही हलवता यायचं नाही. तुमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तू बघ.

आणि ते पुस्तकातले आकडे. कागदावर माझ्याकडचा प्रत्येक मुलगा उंच असतो, म्हणून दाराच्या चौकटीवर मी मोजायची टेप चिकटवली आहे. खोटी उंची लिहिणाऱ्याचा मला राग येत नाही, मी फक्त त्याचं स्थळ पुढे नेत नाही. तू घरची आहेस, तुझा मात्र येईल.

माझ्याकडून लोभ चालूच आहे.
आत्या

१० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शिबिरातून येताना तुझी बिऱ्हाडं उचलली आणि तुझ्याशी धड बोललेही नाही. गुश्शात होते. इथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तुझा शब्दन् शब्द खरा निघाला, आणि मग मला आठवलं. छत गळायला लागलं त्या दिवशी पळापळीत एक लाल नर निसटला होता. मी तो पकडला आणि हाताशी आली त्या बाटलीत कोंबला. ती पांढऱ्या मुलींची होती. नंतर त्याला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला असणार. कान गरम झाले गं माझे. महिनाभर पहाटे उठल्याचं तुला ऐकवत होते!

मैत्रीण म्हणत होती, गप्प बस आणि छापील आकडे लिही. मी सगळं लिहिलं. फ्रीज, औषधाच्या बाटल्या, तुझी जुळवाजुळव, तो लाल नर, माझी चूक. आमच्या प्रात्यक्षिकाच्या बाईंना सगळे चिमटा म्हणतात. चिमटाबाईंनी वही दोनदा वाचली आणि विचारलं, ही आत्या कोण. मी सांगितलं, वडिलांची बहीण. तेवढं आपल्याला कळतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं की जोड्या ठरल्याप्रमाणे लागल्या असत्या तर ही चूक तुला सापडली असती का. मी फळ्यावर मांडून पाहिलं. पांढऱ्या मुली मी लाल मुलांनाच देणार होते. मग त्या आगंतुकाची पोरंही तश्शीच निघाली असती, मुली लाल आणि मुलगे पांढरे, छापल्यासारखी. म्हणजे मला सापडली नसती, आणि बाईंनाही नाही.

तुझ्या तीन बिऱ्हाडांवर पहिला भाग, म्हणजे पांढरी आई आणि लाल बाप, बाईंनी मान्य केला. दुसऱ्या भागाचं, उलट्या जोडीचं, शून्य, निष्काळजीपणाचे गुण कापले, आणि राहिले ते बरोबर पास होण्यापुरते. वर्गात सगळ्यात कमी. पुस्तकातून उतरवणाऱ्यांना पैकीच्या पैकी. एक दिवस मी फुगून बसले होते. पण पदवी मिळाली आत्या, तीन वर्षांत! बाबांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं आहे, गुण सोडून.

त्या पत्रात तुला जे शेवटी लिहिलं, ते लिहायला नको होतं. माफ कर. आणि एक राहिलं. तू माझं ऐकलं असतंस, तर मीही पैकीच्या पैकी घेऊन पास झाले असते आणि माझं कुठे चुकलं ते मला जन्मात कळलं नसतं.

रविवारी येते. राग असेल तर तेव्हा काढ, लोभ असेल तर आत्तापासून असू दे.
तुझी,
ठमी