कुंपणावरची चिंधी

जीवस्टन, टास्मानिया
१४ एप्रिल

प्रिय ब्रॉडी,

तिकडे डार्विनला तुझं बरं चाललं असेल. गुडघा सोडला तर मीही ठीक. सफरचंदांची तोडणी संपत आली. यंदा माणसंच मिळाली नाहीत, निम्मी फळं झाडाखाली कुजली.

तुझ्या बहिणीने नव्या घरासाठी भाजी चिरायची फळी मागितली. विकत आण म्हटलं, तर टेस म्हणे, बाबा, तुझ्याच हातची हवी. ब्लॅकवुड लाकडाचा एक तुकडा पडून होता. ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात केली, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. ओलं फडकं फिरवलं की लाकडाची लव उभी राहते, ती वाळली की पुन्हा घासायचं. लहानपणी तुला याचाच कंटाळा. एकदा गुळगुळीत झालं ना, मग परत कशाला, म्हणून डोकं खायचास.

फळी केव्हाच झाली होती, तरी मी तीन दिवस घासत बसलो. पुढचं काम तेलाचं होतं, आणि सहा वर्षांत मी जवसाच्या तेलाचा डबा उघडलेला नव्हता.

त्या दिवशीही फळीच होती, तुझ्या आईच्या वाढदिवसासाठी. तेल लावून झालं आणि चिंध्यांचा बोळा मी बाकाखालच्या खोक्यात टाकला. असा बोळा आपोआप तापून पेट घेतो, म्हणून एकेक चिंधी कुंपणावर पसरायची, हे तू पाच वर्षांचा असताना मीच तुला शिकवलं होतं. तू शेडच्या दारात सिगरेट ओढत उभा होतास.

"बाबा, चिंध्या वाळत घातल्यास ना?"

मी हो म्हणालो. उठायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. मग आपण दोघं नदीवर गेलो. तुझी आई शेडला लागून असलेल्या खोलीत झोपली होती.

आग विझल्यावर बंबवाल्याने विचारलं, इथे कोणी सिगरेट ओढत होतं का. मी तुझं नाव सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास. का गप्प राहिलास रे? तुझ्या गप्प राहण्यावर मी सहा वर्षं काढली. तू आईला मारलंस असं टेस तुला तोंडावर म्हणाली, तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होतो. माझी मला किळस येते.

काल टेस फळी न्यायला आली. तेल का नाही लावलंस, म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तुझा नंबर मागून घेतला आणि फळी तशीच ठेवून गेली.

आज तेल लावलं. चिंधी कुंपणावर पसरली आहे, दोनदा जाऊन बघून आलो. फळी तुला पाठवतोय. आठवड्याने तेलाचा आणखी एक हात दे. चिंधीचं तुला सांगायला नको.

टेसचा फोन येईल, तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझ्याशी खोटं बोललेला,
बाबा