पाटा आणि ट्रेलर

जबलपूर, रविवार, १६ जानेवारी १९७२

“ट्रेलरमध्ये किती मावतं ते नाही, जीपला किती आवरतं ते बघावं,” माझे बाबा एकदा म्हणाले होते. आज सामान भरताना ते आठवलं, पण मी धड का बोलले नाही? लढाईनंतर ह्यांना लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीतून पहिलीच सुट्टी; नर्मदेकाठी तंबूत राहायला निघालो. भरलेल्या ट्रेलरच्या अगदी मागे सासूबाईंनी चटणीसाठी पाटा ठेवला.

“मागं जड होईल,” मी पुटपुटले.

हे हसले. “मी रोज ट्रेलरच तपासून राहिलो, अन् तू मला शिकवतेस?”

उतारावर त्या पाट्यानं... ट्रेलर झुलायला लागला, जीपही. मुली किंचाळल्या. ह्यांनी हळूहळू वेग उतरवला. सगळे सुखरूप! वजन कमी करायला घरून आणलेलं दोन हंडे पाणी रस्त्यातच ओतलं, पाटा पुढे सरकवला. मग ट्रेलर सरळ चालला. आत्ता मुली चटणी-भाकरी खाताहेत. बघूनच पोट भरतंय.

उद्या निघताना ह्यांना म्हणणार आहे, सामान मला लावू द्या. नाहीच म्हणतील.