माझ्या मागे घ्यायचा कॅमेरा

मी, रूथ स्टीफन उजागरे, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत आहे. बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने मला कुठल्याही इयत्तेचं विज्ञान विचारून पाहावं. कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. मूळ मसुदा ॲडव्होकेट निकिता यांनी करून दिला. त्यात मध्येमध्ये आलेला जादा मजकूर माझा आहे. तो काढून टाका असं त्या म्हणाल्या होत्या, मी काढलेला नाही.

कलम १. माझ्या मालकीचं राहतं घर, अंगण आणि गच्चीवरची टाकी यांसह, माझा एकुलता एक मुलगा सुनील यास मिळावं. तो सुप्याला कारखान्यात आहे, त्याला घराकडे बघायला फुरसत नसते, पण सून पंकजा बघते. एकच अट. उत्तरेकडच्या खोलीच्या खिडकीच्या फळीला मी मुद्दाम एक बारीक भोक पाडलेलं आहे. फळी लावून घेतली की त्यातून समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसतो, माणसं, गाड्या, सगळं. सुनीलने रंगकाम करताना ते भोक लांबी भरून बुजवू नये.

कलम २. बँकेतली बचत सुनीलला. पाटल्या आणि गळ्यातली साखळी पंकजाला. ती फटकळ आहे, पण माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर वेळेवर थेंब तिनेच घातले, सुनीलने नव्हे.

कलम ३. भिंगं, चुंबक आणि दोन लोलक पारनेरच्या ज्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली तिला द्यावेत. कपाटात कुलूपबंद ठेवणार असतील तर देऊ नयेत.

कलम ४. शेजारच्या मनकर्णाबाईंनी एका नाताळला माझा करंज्यांचा साचा नेला, तो अजून त्यांच्याकडेच आहे. तो मी त्यांना बक्षीस देत आहे. निदान आता तरी मला बघून त्यांनी दार लोटून घेऊ नये.

कलम ५. कॅमेरा. हा माझ्या मालकीचा नाही. आपलं नाही ते देता येत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून याची हकीकत सविस्तर लिहिते.

माझं लग्न नगरच्या चर्चमध्ये झालं. फोटो काढायचं काम माझे धाकटे दीर दानीएल यांच्याकडे होतं. छावणीतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून त्यांनी जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला होता आणि ते त्याच्यावर जीव टाकत. दिवसभर आम्हाला ‘जरा हसा’ म्हणत फिरले. रोल धुऊन आला तो कोरा. नुसती पारदर्शक पट्टी. भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं. माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही.

“मला तर समदं दिसत हुतं, वहिनी,” ते सारखं म्हणत. कोणी ऐकून घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “पिऊन आला आसंल!” आणि मी पडले विज्ञानाची बाई. पुठ्ठ्याच्या खोक्याचा कॅमेरा मुलींना करून दाखवणारी. भोक झाकलं की खोक्यात अंधार, हे मला पाठ. मग झाकण लावलेल्या कॅमेऱ्यातून भाऊजींना दिसलं कसं? मलाही ते खोटंच वाटलं. पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात आणि बाप्तिस्म्यात ‘दानीएल, झाकण!’ अशी आरोळी ठरलेली असायची. त्यांनी तो कॅमेरा विकून टाकला आणि पुन्हा कुठलाच हातात धरला नाही. दूध संघात कारकुनी करून निवृत्त झाले. पण त्यांना दिसलं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून काही गेला नाही.

यंदा उन्हाळ्यात मी छगन यांच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढायला गेले. काचेच्या कपाटात, मोबाईलच्या कव्हरांमागे, तसलाच एक कॅमेरा ठेवलेला. तोच तो का, हे मी पहिलं विचारलं. तो नव्हता, हा पुण्याहून आलेला होता. मी डोळ्याला लावला. मधोमध एक पिवळसर चौकोन, आणि त्यात रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या किटल्या दोन. एक ठसठशीत, एक पुसट. पुढची कडी फिरवली तशी पुसट किटली सरकत सरकत खऱ्या किटलीवर येऊन बसली आणि दोन्हींची एक झाली. मी परत दोन केल्या. परत एक केली. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती, तरी मला कॅमेरा खाली ठेववेना.

“बाई,” छगन म्हणाले, “आदी म्होरलं झाकन तरी काढा की!”

झाकण लावलेलंच होतं, आणि मला सगळं दिसत होतं. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही. बघायची खिडकी निराळी, चित्र घेणारं भिंग निराळं. इतकी साधी गोष्ट. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि मला भाऊजींसाठी फार वाईट वाटलं.

सबब मी याद्वारे जाहीर करते, की दानीएल उजागरे खरं बोलत होते. त्यांना सगळं दिसत होतं. यापुढे उजागरे कुटुंबातल्या कोणी ती आरोळी दिली तर त्याला माझ्या मिळकतीतला चमचाही मिळू नये.

आता माझ्याविषयी. त्या दिवसापासून तो कॅमेरा माझ्या मनातून हलत नाही. काहीतरी निमित्त हवं म्हणून मी दर वेळी पासपोर्ट फोटो काढून घेते. त्यांची आता इतकी पाकिटं साठली आहेत की पंकजाला वाटतं, म्हातारी परदेशी पळून जाणार. आत कोणता आरसा कुठे बसवलाय? लांबचा डोंगर पाहिला तर दोन प्रतिमांमध्ये अंतर किती राहतं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे मी दाबलेल्या बटणाने फिल्मवर काय उमटेल? हे मला कोणी सांगून नको आहे, बघायचं आहे.

“आई, मोबाईलमध्ये पाहिजे तेवढे फोटो मावतात, हे डबडं कशाला?” असं पंकजा म्हणते. सुनील नुसतं “या वयात?” म्हणतो आणि टीव्हीकडे बघतो. दुकानात दर वेळी मी पर्स उघडते आणि मिटते. शेवटी छगन यांना सांगून टाकलं, तो बाजूला ठेवा, माझ्या मागे मुलगा येऊन घेईल.

“म्हंजी मी तुमच्या मरायची वाट बघू व्हय?” ते म्हणाले. पण ठेवला आहे.

तरी माझी इच्छा अशी, की माझ्या मृत्यूनंतर सुनीलने माझ्या बचतीतून तो कॅमेरा विकत घ्यावा आणि दानीएल भाऊजींना द्यावा. मी जिवंतपणी घेणार नाही. दुसऱ्यासाठी खर्च केला तर लोक मान डोलावतात, बाईने उतारवयात स्वतःच्या हौसेला केला तर हसतात. मला स्वतःचं हसू करून घ्यायचं नाही. पण मला तो हवा आहे, फार हवा आहे, हेही इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की तिला कशाची आवड नव्हती.

कलम ६. आपल्यात शवपेटीभोवती सगळ्या नातेवाइकांनी उभं राहून फोटो काढायची रीत आहे. माझा असा फोटो काढू नये. लग्नाचा नाही आणि मयतीचा आहे, हे मला चालणार नाही. गाणी चर्चच्या उपाध्यायांनी निवडावीत, फक्त रडकी नकोत.

हे माझं पहिलं मृत्युपत्र. स्वतः वाचलं, त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली आहे.

(सही) रूथ स्टीफन उजागरे
स्थळ: अहिल्यानगर, राहतं घर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. (सही) काकासाहेब शेळके, शेजारी. बाईंनी आमच्यासमोर सही केली.

२. (सही) दानीएल उजागरे, दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर करत आहे. या जागी छगन यांची सही व्हायची होती, त्यांना दुकान सोडून येता आलं नाही. मी नुसता भेटायला आलो होतो. मजकूर माझ्याकडे वाचायला दिला. कलम ५ मी दोनदा वाचलं. मग वकीलबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीची सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही; बाकीची कलमं जशीच्या तशी राहतात. ते ऐकूनच सही केली आहे. तेव्हा वहिनींच्या मागे माझ्यासाठी कोणी कॅमेरा घ्यायचा नाही. “हे काय केलंत, भाऊजी?” असं वहिनी आत्ता समोर बसून विचारत आहेत. वहिनी, काय उमटतं ते तुम्हाला बघायचंय ना? मग तुम्हीच घ्या आणि तुम्हीच काढा. रोल कसा भरायचा ते मला अजून येतं. रिक्षा दारात उभी केली आहे, चपला घाला.