सहानुभूतीला पंचवीस गुण

ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून महत्त्वाचं ते पत्रानं कळवायचं हा आईनं घालून दिलेला नियम मी अजून पाळते आहे, एवढंच.

तुम्हा बस चालकांच्या संपाला आज अकरावा दिवस. मी शाळेत चालत जाते आणि पाय दुखले की तुझी आठवण काढते. कशी काढते ते विचारू नकोस. हायस्कूलसाठी माझ्याकडे ठेवलेली तुझी लेक मात्र तुझा शब्द खाली पडू देत नाही. शेजारच्या बाईंनी बस बंद असल्याबद्दल जरा कुरकुर केली, तर हिनं त्यांना जिन्यात अर्धा तास धरून ठेवलं आणि एका चालकाला सलग दोन पाळ्या चालवायला लावणं म्हणजे काय ते समजावलं. त्या बाई आता मागच्या जिन्यानं जातात.

आता मुद्दा. खात्याकडून नववीसाठी नवा विषय आला आहे, 'चालू घडामोडी आणि सहानुभूती'. आठवड्याला दोन तास, पंचवीस गुण, नऊला पास. म्हणजे दुसऱ्याबद्दल जेमतेम नऊ गुणांचं वाईट वाटलं तरी पोरगं दहावीत जाणार. आमचं एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं यावर एक गृहस्थ सलग पाच तास बोलले. कुणी शंका काढली की शेवटी विचारा म्हणायचे, आणि शेवटी वेळ संपली. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, त्यांनी तर सहानुभूतीची हजेरी वेगळ्या वहीत ठेवायला सांगितली आहे.

मी मात्र विषय मनावर घेतला. माझी पद्धत अगदी साधी आहे. एक बातमी घ्यायची, तिच्यातल्या माणसांच्या चिठ्ठ्या करायच्या, ज्याला जो येईल त्यानं तो होऊन पानभर लिहायचं, सुरुवात 'मी' अशी. चिठ्ठी बदलून मिळत नाही. या वेळची बातमी अर्थातच तुमचा संप, आणि तुझ्या लेकीला आले तुमचे आगार व्यवस्थापक! अगदी रडकुंडीला आली रे. बदलून मागत होती, मी दिली नाही. नियम म्हणजे नियम.

वहिनीला नमस्कार. संपाच्या तंबूत बसताना मफलर घालत जा. माझ्यावरचा लोभ पाठवून दे, बस नाही म्हणून पायी आला तरी चालेल.

तुझी
छोटी

ता. ६ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला छोटी म्हणताना मला आता लाज वाटते, पण सवय जात नाही. पत्र मिळालं. तंबूत सगळ्यांना वाचून दाखवलं. नऊ गुणांचं ऐकून डिझेलमामा इतका हसला की त्याला ठसका लागला. डिझेलमामा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना चालक. बत्तीस वर्षं झाली, कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नाही.

आमचा संसार आगाराच्या फाटकासमोर आहे. एक ताडपत्री, तीन बाकडी आणि चार सोंगट्या हरवलेला कॅरम. अक्षर बरं आहे म्हणून मला संघटनेचा चिटणीस केलंय, तेव्हा दिवसभर निवेदनं लिहितो. मागणी एकच, सोळा तास स्टिअरिंगवर बसवू नका. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाचा डोळा लागला आणि चाळीस माणसांसकट बस शेतात गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या पोराचे हात अजून थरथरतात.

आमच्या वकीलीणबाईंना व्यवस्थापक आले ते उत्तम झालं. लिहू दे. फक्त पान कसं भरणार ती? त्या गृहस्थाचं सगळं आयुष्य 'वरून आदेश आहे' एवढ्या तीन शब्दांत मावतं. लिहून झालं की मला पाठव. इथे चहाबरोबर रोज कुणी ना कुणी विचारतं, आज पोरगी काय म्हणते. या तंबूत मी चिटणीस कमी आणि वकीलीणबाईंचा बाप जास्त आहे.

वहिनी मजेत. मफलर घातला आहे. माया आहे तशीच आहे, तिला संप लागू नाही.

तुझा
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे, आणि तिला एक लहानसं शेपूटही आहे. आधी आनंद.

तुझ्या लेकीला पंचवीसपैकी पंचवीस! दोन दिवस शाळा सुटल्यावर ती बसच्या इथल्या मुख्य कचेरीत जाऊन बसली आणि तिथल्या कारकुनाला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. मग लिहिलं. मी व्यवस्थापक, माझ्याकडे गाड्या बेचाळीस आणि चालक एकावन्न. दोन वर्षांत तेरा जण निवृत्त झाले, नवे मागतो तर वरून उत्तर येत नाही. दुहेरी पाळी बंद केली तर पहाटेच्या सात फेऱ्या बंद होतील, आणि त्यातल्या एका फेरीनं चार माणसं डायलिसिसला जातात. त्या चौघांची नावं मला पाठ आहेत. असं सगळं. मी ते दोनदा वाचलं, शपथ.

आता शेपूट. मोठ्या सरांनी ते वाचलं. पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी साहेब येणार, तेव्हा शाळेचं नाव व्हावं म्हणून त्यांनी ते वर्तमानपत्राला द्यायचं ठरवलं. संमतीच्या कागदावर पालकाची सही हवी होती. मी केली. प्रगतिपुस्तकावर करतेच की मी. तुला विचारायला वेळ नव्हता. काल ते छापून आलं. मथळा त्यांनीच दिला आहे, 'लेकीला कळलं, ते संपकरी बापाला कळेना!' हा वर्गातला स्वाध्याय आहे आणि लिहिणारीचा स्वतःचा संपाला पाठिंबा आहे, अशा शेवटच्या चार ओळी तिनं लिहिल्या होत्या. त्या जागेअभावी गेल्या. शेजारी गादीची जाहिरात आहे, ती पूर्ण आली आहे. कात्रण सोबत आहे.

तू रागावशील हे मला कळतं. पण जरा त्यांच्या जागी उभा राहून बघ. वर्तमानपत्राच्या, मोठ्या सरांच्या आणि थोडंसं माझ्याही. तुझं मन मोठं आहे हे मी वर्गात नेहमी सांगते. ते खोटं पाडू नकोस.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा राहू दे.

तुझी
छोटी

ता. १५ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझं कात्रण मिळायच्या आधीच मी ते पाहिलं होतं. बोलणी चालू असताना व्यवस्थापकांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि आमच्या सात जणांसमोर सावकाश वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले की मुलगी हुशार आहे. बैठक तिथेच संपली.

तंबूत डिझेलमामानं चहा दिला तो माझ्याकडे न बघता. घरातल्या पोरीला जे पटवता येत नाही ते हा वरच्यांना काय पटवणार, असं मागून ऐकलं. ज्याचे हात थरथरतात तो पोरगा तर माझ्या बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. ते मला फार लागलं.

मी आणखी कुणाच्या जागी उभा राहणार नाही. सतरा वर्षं उभ्यानं कंडक्टरकी केली आणि मग बसायला सीट मिळाली, मला उभं राहायला शिकवू नकोस. रविवारी येतो. तिची ट्रंक भरून ठेव आणि शाळा सोडल्याचा दाखला काढायला अर्ज दे. इथल्या शाळेत सहानुभूती शिकवत नाहीत. त्यामुळे मुलं एकमेकांशी बरी वागतात.

लोभाचं नंतर बघू.

दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

बाबा, तुमचं पत्र आत्यानं मला दाखवलं नाही, पण ती ते वाचून मोरीत जाऊन नळ सोडून रडली, म्हणून मी टेबलावरून उचलून वाचलं. त्याबद्दल नंतर रागवा.

तो नुसता गृहपाठ होता असं मी म्हणू शकते. पण ते खोटं होईल. आधी मी गुणांसाठीच लिहायला बसले होते. मग कारकुनानं फेऱ्यांचा तक्ता दाखवला आणि मला खरंच व्यवस्थापकांचं वाईट वाटलं. तरी तुमचा संप बरोबरच आहे असंही वाटत होतं. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. आत्यानंही शिकवलं नव्हतं, तिनं फक्त चिठ्ठी दिली होती. छापायला दिलं हे मला छापून आल्यावर कळलं. मथळा वाचून मी शाळेत जेवले नाही.

काल मी आत्याची परीक्षा घेतली. चिठ्ठ्या केल्या आणि सगळ्यांवर 'बाबा' लिहिलं. पहिल्यांदा तिनं लिहिलं की मी एक साधाभोळा चालक, मला लिहितावाचता फारसं येत नाही. मी सांगितलं की बाबा व्यवस्थापकांच्या नोटिशीतल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करतात. शून्य दिलं. दुसऱ्या खेपेला तिच्या पत्रातल्या बाबांना तिसऱ्याच ओळीत सगळं पटलं आणि त्यांनी बहिणीचे आभार मानले. पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी तिनं 'मी' लिहिलं आणि पेन खाली ठेवून म्हणाली, दुसरी चिठ्ठी दे. मी म्हटलं, बदलून मिळत नाही.

बाबा, मला ही शाळा सोडायची नाही. पण तुम्ही रुसलेले असताना इथे राहायचं, तेही मला जमणार नाही. ट्रंक भरून ठेवली आहे. पुस्तकं अजून बाहेर आहेत.

आईला नमस्कार. माझ्यावर रागवा, पण लोभ बंद ठेवू नका.

तुमची
वकीलीण

त्याच पाकिटातून, ता. १७

ती. स्व. दादास,

हा माझा चौथा प्रयत्न. तुझ्या लेकीनं तपासून पाठवायला परवानगी दिली, गुण मात्र सांगितले नाहीत.

मी चालक. माझी एकच मुलगी. चांगली शाळा मिळावी म्हणून तिला बहिणीकडे ठेवलं आणि घर सुनं करून घेतलं. तंबूत बसतो तेव्हा तिच्या गोष्टी सांगतो, कारण संप केव्हा मिटेल ते ठाऊक नाही, पण पोरगी माझी आहे एवढं पक्कं ठाऊक आहे. एक दिवस ती गोष्ट समोरच्या माणसाच्या हातात गेली. देणारी माझी बहीण. मुलीनं काय लिहिलं याचा मला राग नाही. मला विचारलं असतं तर मी कुरकुर केली असती, दोन दिवस धुसफुसलो असतो आणि मग हो म्हणालो असतो. बहिणीनं मला धुसफुसायलासुद्धा वेळ दिला नाही. बापाच्या रेघेवर तिनं सही ठोकली आणि वर मलाच मन मोठं ठेवायला सांगितलं.

दादा, याच्यापुढे मला लिहिता आलं नाही. चुकलं रे माझं. ट्रंक भरलेली आहे. तू नेतो म्हणालास तर मी अडवणार नाही.

छोटी

ता. २१ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमची दोघींची पत्रं शनिवारीच मिळाली होती. तरी रविवारी आलो, तासभर बसलो, आपण तिघं हवापाण्यावर बोललो आणि मी पोरीला घेऊन निघालो. तेव्हा तुझा चेहरा बघवत नव्हता. पत्र वाचूनही दादा ताठच, असं तुला वाटलं असणार. खरं कारण माझ्या खिशात होतं.

संघटनेला खुलासा हवा होता. तो मी लिहून तयार ठेवला होता, माझ्या चांगल्या अक्षरात. मी अमुक अमुक चालकाची मुलगी, वरील मजकूर शाळेनं माझ्याकडून सक्तीनं लिहून घेतला, ते माझं मत नाही, चूक झाली. खाली तिच्या सहीसाठी जागा. तंबूत तीस माणसांसमोर तिच्या हातात दिला. तिनं पूर्ण वाचला, घडी घातली आणि मला शांतपणे विचारलं की यातलं 'मी' कोण आहे, आणि हे लिहिण्यापूर्वी त्या मुलीला विचारलं होतं का.

छोटे, ज्याबद्दल तुझ्यावर आठ दिवस आग ओकत होतो, तेच मी माझ्या अक्षरात लिहून खिशात घालून चौदा किलोमीटर हिंडवलं होतं.

खुलासा मी फाडला. मग उभा राहिलो आणि सांगितलं की पोरगी माझी आहे, लिखाण तिचं आहे, मत मला पटलेलं नाही, आणि आता ती काय सांगते ते सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. ती पाऊण तास बोलली. दोघे उठून गेले, चहा आल्यावर परत आले. डिझेलमामानं भांडण काढलं, तिनं ते परत केलं. शेवटी त्यानंच सुचवलं आणि ठरलं ते असं, की संप चालूच राहील, पण डायलिसिसची ती पहाटेची एक फेरी आम्ही आळीपाळीनं काढायची. पहिली पाळी त्या थरथरत्या हातांच्या पोरानं मागितली. डिझेलमामा शेजारी बसून जाणार आहे.

व्यवस्थापकांना कळवायला गेलो. संपावरच्या माणसानं गाडी चालवली तर हजेरी कशी मांडायची, हे वरून विचारून सांगतो म्हणाले. ते मला अपेक्षितच होतं. पण निघता निघता मी सहज त्या चार माणसांची नावं विचारली, तर चारही घडाघडा सांगितली, आणि एकीला खिडकीशी बसवा म्हणाले, तिला मळमळतं. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. तरी मी त्यांना सोळा तास माफ केलेले नाहीत.

तुझी वहिनी म्हणते, या भावाबहिणीला एका बाकावर बसवून नववीत घाला. दाखल्याचा अर्ज दिला असशील तर परत घे. परवा सकाळी पोरीला घेऊन येतो. बस बंद आहेत, त्यामुळे एवढी वाट चालतच यावं लागेल. मी म्हटलं, दमशील. तर म्हणते, बरंच झालं, तेवढ्या वेळात तुम्हाला व्यवस्थापकांचं उरलेलं सांगते.

चहा टाकून ठेव. लोभ मी बरोबर आणतो, पोस्टावर सोडत नाही.

तुझा
दादा